फाट्यावरचं अभिनंदन

मी परदेशात गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लांबच्या नातेवाइकांपैकी काहींना अजून वाटतं की मी जाऊन आलो, आणि बाकीच्यांना वाटतं की ऐनवेळी माझी फाटली. दोन्ही खोटं आहे. मी सगळं वाचलं, विचारलं, आठवडाभर डोकं खाजवलं आणि नाही म्हणालो. आजही तेच कागद समोर आले तर नाहीच म्हणेन. तरी त्या नोकरीने माझ्याकडून जे न्यायचं ते नेलंच.

लोणावळ्यात एका मोठ्या हॉटेलात मी मेंटेनन्सला आहे. चिलर, बॉयलर, पंप, जनरेटर हे माझं राज्य. पाहुण्याची खोली गार झाली नाही की माझ्या नावाने शंख होतो, आणि गार झाली की मी जगात आहे हेसुद्धा कुणाला माहीत नसतं. आम्ही तुंगार्लीत भाड्याने राहतो. बायको एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, मुलगी तेव्हा नववीत होती. माझे वडील, आबा, तिकोणा पेठेला गावच्या घरात एकटेच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. शेजारच्या मावशी दोन वेळची भाकरी त्यांच्याकडे पाठवायच्या, आणि भाताच्या खाचरावर आबा अजून स्वतः उतरायचे. लोणावळ्याला या म्हटलं की म्हणायचे, "तितं काय करू? गॅलरीत बसून गाड्या मोजू व्हय?"

ही नोकरी यायच्या आदल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली होती. मी हॉटेलची गाडी घेऊन दुधिवऱ्याच्या खिंडीतून सुसाट गेलो आणि त्यांना घेऊन तळेगाव गाठलं. हृदयाच्या नळीत जाळी बसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, या वेळी वेळेत आलात, पुन्हा दुखलं तर थोडं बरं वाटेल म्हणून वाट बघत बसू नका. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. मी माझा नंबर मावशींच्या मुलाच्या फोनमध्ये घालून दिला आणि त्याला दोनदा बजावलं, आबा काहीही म्हणू देत, दुखलं की आधी मला लाव. तेव्हा माझी समजूत अशी की आता आपण पक्का बंदोबस्त केला.

मग ती नोकरी आली. माझा जुना साहेब आखातात एका हॉटेल कंपनीत गेला होता, त्याने माझं नाव सुचवलं. कॉम्प्युटरवर मुलाखत झाली. बायकोने मागच्या दोरीवरचे कपडे काढले, मुलीने फॅन बंद केला, आणि मी इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरची हाफपँट अशा थाटात तासभर इंग्रजी बोललो. पुढच्या आठवड्यात ऑफर आली. सोबत रिलोकेशन पॅकेजची भलीमोठी फाइल. पगाराचा आकडा बघून मी उठून पाणी प्यायलो. खोटं कशाला बोलू, त्या रात्रीपुरता मी गेलेलोच होतो.

बायको मात्र शाळेच्या ऑफिसात सरकारी परिपत्रकं वाचून वाचून मुरलेली. तिने फाइलची प्रिंट काढली आणि पेन्सिल घेऊन बसली. म्हणाली, "पहिल्या पानावर सगळे गोडच बोलतात. शेवटची पानं बघू."

शेवटच्या पानांवर एकेक गंमत होती. सामान न्यायला कंपनी जागा देणार होती, आमचा मिक्सर आणि शिलाई मशीन घालून ती निम्मीही भरली नसती. पण माणसं न्यायची म्हटलं की भाषा बदलत होती. पहिलं वर्ष मी एकट्याने, दुसऱ्या एका माणसाबरोबर खोलीत राहायचं. त्यानंतर बायको-मुलीला नेता येईल, 'कंपनीला योग्य वाटल्यास'. मुलीची दहावी नेमकी त्या मधल्या वर्षात. विमानाचं तिकीट दोन वर्षांतून एकदा. पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' कंपनीकडे. आणि मुदतीआधी सोडलं तर येण्याजाण्याचा, व्हिसाचा सगळा खर्च माझ्या अंगावर. बायकोने एका ओळीखाली रेघ मारली होती. कुटुंब म्हणजे पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं, एवढंच तिथे लिहिलेलं. समोर समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आबा?'

मी त्यांच्या ऑफिसातल्या बाईंना फोन लावला. फार गोड बाई. मी विचारलं, वडील आजारी पडले तर यायला मिळेल का? त्या म्हणाल्या, पालकांच्या निधनासाठी तातडीची रजा आहे सर, दाखला जोडावा लागतो. मी म्हटलं, निधन नाही हो, आजार. त्या म्हणाल्या, आजारासाठी तुमची वार्षिक रजा वापरता येईल सर, मॅनेजरने मंजूर केली तर. म्हणजे बाप मेला की सुटणार, मरत असेल तर अर्ज करा. मी आभार मानून फोन ठेवला आणि मग जे बोललो ते इथे लिहीत नाही.

तरीही मी लगेच नाही म्हणालो नाही. पैसा हा पैसा असतो, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तो जरा जास्तच दिसतो. मी आठवडाभराची मुदत मागून घेतली. चूक झाली ती याच आठवड्यात, आणि ती अशी की एका रविवारी गावी जेवताना मी आबांना सांगितलं, "आबा, बाहेरच्या देशातून बोलावणं आलंय. अजून काही ठरलं नाही. वाचतोय."

आबांचा घास हातातच राहिला. "बाहिरच्या देशातनं? तुला?"

"व्हय. पण ठरलं नाही म्हटलं ना."

"त्यांनी बोलीवलं म्हंजी ठरलंच की," आबा म्हणाले.

आता आमच्या मावळात एक रोग आहे. कुणाचा वाढदिवस असो, कुणी सोसायटीचा संचालक होवो, कुणाच्या पोरीला बारावीत बरे मार्क पडोत, दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागतो. ज्याचं अभिनंदन त्याचा एक मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग, गॉगल घातलेली. पुढच्या शनिवारी मी गावाकडे वळलो तर फाट्यावर मीच उभा. चुलतभावाच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो, मागे कुठल्या तरी देशातल्या उंच इमारती, वर विमान. 'गावच्या सुपुत्राची परदेशात उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. मी मोटारसायकल बाजूला घेतली आणि स्वतःकडे बघत बसलो. खालच्या रांगेत, गॉगलवाल्या पोरांच्या शेवटी, टोपी घातलेले आबा होते. आयुष्यात पहिल्यांदा फ्लेक्सवर आलेले. त्यांना फोटोत हसता येत नाही, पण हसायचा प्रयत्न केलेला दिसत होता.

गावात सप्ताह चालू होता, आणि त्या दिवशी काल्याचं कीर्तन झाल्यावर माझा सत्कार ठरवला होता. मला कुणी विचारलंच नव्हतं. शाल, नारळ, टोपी. मी माइक हातात घेतला आणि सरळ सांगितलं की मंडळी, अजून काही नक्की नाही, मी विचार करतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे म्हणाले, एवढा मोठा झाला पर जिमिनीवरच हाय बघा. आता यावर माणसाने काय बोलावं? आबा पहिल्या ओळीत बसले होते. गावात त्यांना कधी कुणी पहिल्या ओळीत बसवलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होते.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फ्लेक्ससाठी परदेशात जायचं का आता?" मी म्हटलं नाही. मग तिने कागद पुढे ओढले आणि म्हणाली, "तुम्ही गेलात तर मी इथलं सांभाळेन. मुलीचं, घराचं, माझं काही अडणार नाही. पण आबांना पुन्हा दुखलं तर त्यांना न्यायला कोण जाणार, एवढं एक मला सांगा." मी दुसऱ्या दिवशी नम्रपणे नकार कळवला. त्या गोड बाईंनी पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या.

म्हणजे हिशेब अगदी सरळ होता. आबा तासाभराच्या अंतरावर राहावेत म्हणून मी राहिलो. इतर कारणं होती, पण तराजू झुकला तो तिथेच.

सांगायला गावी गेलो तेव्हा आबा पडवीत बैलाचं दावं वळत बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. पासपोर्ट, खोली, मुलीची दहावी. त्यांच्या छातीचं मात्र सांगितलं नाही, म्हटलं उगाच त्यांच्यावर ओझं नको. ते ऐकत राहिले, हात चालूच होते.

"बरं," म्हणाले. मग दाव्याला आणखी एक पीळ देऊन म्हणाले, "तुजं तू शिकलेला हायस. तुला कळतंय."

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "आता जरा दिस तू हितं येऊ नगं."

"म्हणजे?"

"लोकं इचारत्यात. मी सांगीन समद्यास्नी सवडीनं. मीच येत जाईन तुज्याकडं."

मला राग आला. बापाच्या घरी यायला बंदी? ते पण एका फ्लेक्सपायी? पण त्यांचं तोंड बघितलं आणि चपला पायात सरकवल्या. म्हटलं महिना-दोन महिने जातील, लोक विसरतील. लोकांना दुसरा फ्लेक्स मिळेल.

आबा खरोखर येऊ लागले. पवनानगरहून जीप, कामशेतहून लोकल, पिशवीत घरचे तांदूळ आणि मुलीसाठी काहीबाही. जेवायचे, नातीशी पत्ते खेळायचे, चारच्या आत निघायचे. बाजारात मात्र माझ्याबरोबर यायचे नाहीत. स्टेशनवर सोडायला गेलो तरी म्हणायचे, तू जा, मी बसतो. फ्लेक्सचं काय झालं म्हणून एकदा विचारलं. म्हणाले, वाऱ्यानं फाटला, मावशीच्या पोरानं गोठ्यावर टाकलाय, गळत न्हाई आता. मी हसलो. तेही हसले. मला वाटलं, चला, निवळलं.

फोनवर मात्र कधी कधी विचित्र बोलायचे. मोठ्या आवाजात विचारायचे, "तिकडं लय ऊन हाय का रं? जेवान मिळतं का आपल्यासारकं?" मला वाटायचं टोमणा मारतायत. एकदा मी चिडून म्हणालो, "आबा, बास झालं आता. नाही गेलो, नाही गेलो. किती दिवस उगाळणार?" पलीकडून ते शांतपणे म्हणाले, "बरं बरं, काम कर. पैशाची चिंता करू नगं," आणि फोन ठेवला. माझं डोकं दिवसभर तापलेलं होतं.

मग भातकापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मावशींच्या मुलाचा फोन आला. कामशेतच्या दवाखान्यातून. "आबा गेलं," एवढंच म्हणाला. मी विचारलं, कधी दुखलं? तो म्हणाला, दुपारच्याला. मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. गाडी काढली आणि गेलो. आबा स्ट्रेचरवर होते, पायाला खाचरातला चिखल तसाच. गावातले चारपाच जण भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्यातल्या कुणीही मला इतक्या लवकर कसा आलास असं विचारलं नाही. ते विचारण्यासारखं आहे हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्नी दिला. लोक भेटायला येत होते. मुळशीकडून आत्याचे दीर आले, वयस्कर माणूस. माझा हात धरून म्हणाले, "बरं झालं, येळेवर इमान गावलं. बापाचं तोंड तरी दिसलं."

मी म्हटलं, "कसलं विमान?"

पडवीत पंधरा-वीस माणसं बसलेली. सगळी गप्प झाली. एकाने त्यांना चहा घ्या म्हणून उठवलं आणि मागच्या दारी नेलं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि एकेकाने मान खाली घातली. फोनवरचं ऊन, जेवण, पैशाची चिंता करू नको, सगळं एकदम डोक्यात आलं. पलीकडे माणसं बसलेली असायची. आबा मला टोमणे मारत नव्हते. ते मला परदेशात ठेवून बोलत होते, आणि मी त्यांना इकडून झापत होतो.

सुतकात काय बोलणार? पण आतून मी पेटलो होतो. फ्लेक्स लावणाऱ्यांवर, टाळ्या पिटणाऱ्यांवर, आणि आबांवरही. मेलेल्या बापावर राग धरू नये म्हणतात. मी धरला. इतका खोटेपणा करण्याएवढी काय लाज होती? पोरगा लोणावळ्यात नोकरी करतो, चोरी नाही करत.

दहावा झाला, पाहुणे पांगले. मावशी जोत्यावर एकट्याच बसल्या होत्या. मी जाऊन बसलो. म्हटलं, "मावशी, आबांनी गावाला काय सांगितलं होतं?"

"तू गेलास म्हनून."

"आणि तुम्ही सगळ्यांनी खरं मानलं?"

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "न्हाई रं. समद्या गावाला ठावं व्हतं. कुनी तुला बाजारात बगितला, कुनी हाटेलात. माज्या पोरानं तर तुज्या मागं लाइन लावून दूध घेतलतं."

"मग आबांना कुणी म्हटलं नाही?"

"कसं म्हनायचं? पारावर बसून सांगायचा, पोराच्या खोलीतनं समिंदर दिसतोय. रोज इमानं दिसत्यात. इतक्या हौसंनं सांगायचा. आमी आपलं व्हय म्हनायचो. म्हाताऱ्या मानसाला चारचौघात खोटं पाडायचं व्हय?"

मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "त्या दिवशी दुपारी दुखलं. मला संध्याकाळी फोन आला. नंबर होता तुमच्याकडे. एका तासात आलो असतो मी. का नाही केला?"

मावशी माझ्याकडे बघेनात. "केला असता रं. पोरानं दोनदा फोन हातात घेतला. आबा त्याचा हात धरायचा. म्हनायचा, त्याला नगा कळवू, तिकडनं यायचं म्हंजी नोकरी जाईल त्याची. जरा पडतो, बरं वाटंल. त्याच्या तोंडावर आमी कसं म्हनावं, की पोरगा लोनावळ्यात हाय, आनि आमाला पयल्यापासनं ठावं हाय? मरत्या मानसाला?"

"अहो पण जीव जात होता त्यांचा!"

"तवा कुटं कळलं तेवडं. मी म्हनलं, जरा झोप लागू दे, मंग भाईर जाऊन गुपचूप लावू. त्याला कळायचं बी न्हाई. आमी समदी त्याच्या उशाशी वाट बगत बसलो. पर झोपच लागंना त्याला. गाडीत घातला तरी डोळं उगडंच. शेवटपत्तुर जागा व्हता."